मुद्दाम वादळात

आज दिवसभर हिमवादळात होतो. व्हर्जिनियातल्या वॉलॉप्सहून नासाच्या पी-३ विमानातून निघालो आणि बाकीची विमानं ज्या ढगांना वळसा घालतात, त्यांच्यातच शिरून एका रेषेवर येरझाऱ्या घातल्या. दर फेरीला उंची वेगळी. आमच्या डोक्यावर, जमिनीपासून साधारण २० किलोमीटर उंचीवर, नासाचंच दुसरं विमान, ईआर-२. त्यात एकटा पायलट, अंगात प्रेशर सूट. त्याचं रडार ढग वरून बघतं, आम्ही आतून. दोघांना एकाच वेळी एकाच जागी आणणं ही खरी कसरत!

पंखाखालच्या उपकरणात लेझरसमोरून हिमस्फटिक गेला की त्याची सावली टिपली जाते. उणे ५ अंशांच्या आसपास सुया दिसत होत्या. वर उणे १५ जवळ गेलो आणि स्क्रीनभर सहा फांद्यांच्या चांदण्या! पुस्तकात वाचलेलं असतं हो, पण तापमानाचा आकडा सरकताना आकार बदलताना बघणं म्हणजे... च्यायला! एक कटकट मात्र आहे. स्फटिक उपकरणाच्या टोकावर आपटून फुटले तर तुकडेच मोजले जातात. म्हणून टोकं खास घडवलेली, शिवाय नंतर आकडेमोडीत चाळणी.

हा खटाटोप कशासाठी? एकाच वादळात एका गावात फूटभर बर्फ पडतो आणि शेजारी जेमतेम भुरभुर. जोरदार बर्फाचे हे अरुंद पट्टे कसे तयार होतात, हे शोधायला २०२० मध्ये नासाची इम्पॅक्ट्स मोहीम सुरू झाली.

आईचा एकच प्रश्न : "जेवलास का?" त्या हेलकाव्यांत? नाही गं. प्रश्न कमेंटमध्ये टाका, उत्तरं झोप झाल्यावर.