दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या

ब्लाउजला जोडायला म्हणून बाह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि माझ्या पोटात खड्डा पडला. दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या होत्या.

शिवणकाम न करणाऱ्यांना सांगते. बाहीचा वरचा गोलवा, म्हणजे मुंढा, पुढच्या बाजूला जरा जास्त खोल कापतात. त्यामुळे डावी बाही डावीच आणि उजवी उजवीच. कापड दुमडून दोन्ही एकदम कापल्या की जोडी आपसूक जमते. पण दोन्ही बाह्यांवर बुट्टी, म्हणजे विणलेली छोटी नक्षी, बरोबर मधोमध यायला हवी असेल, तर एकेक बाही सुटी कापावी लागते आणि दुसरीच्या वेळी कागदी नमुना पालथा ठेवायचा असतो. मी तो पालथा केलाच नव्हता.

आणि कापड होतं पैठणीचं. साडीबरोबर विणून आलेला ब्लाउजपीस, जांभळा, नारळी काठाचा. एका काठावर एक बाही, दुसऱ्या काठावर दुसरी. उरलेला काठ पाठीला हवा होता, तो तर मी सकाळीच कापून जोडूनही टाकला होता. आता हातात होते ते दोन-दोन बोटांचे तुकडे. ब्लाउज नवरीच्या आईचा. दुपारचे अडीच वाजले होते. सहा वाजता त्या न्यायला येणार होत्या आणि त्याच रात्री सीमांतपूजन होतं.

ही गोष्ट 2022 च्या मे महिन्यातली, नाशिकरोडची. 2016 साली मी हॉलच्या कोपऱ्यात मशीन मांडून कामाला सुरुवात केली होती. हात चांगला आहे असं गिऱ्हाईकं म्हणायची, काम कमी पडलं असं कधी झालं नाही. तरीही सहा वर्षांत महिन्याच्या शेवटी हातात फारसं काही राहत नव्हतं, आणि का राहत नव्हतं ते मला कळत नव्हतं. त्या दिवशी कळलं.

सकाळ कशी गेली ते मी नंतर वहीत लिहून काढलं, म्हणून इतकं नीट आठवतंय. साडेदहाला बाह्या कापायला बसले. पहिली बाही कापली. तेवढ्यात गॅसवाला आला. सिलिंडर आत घेतला, पैसे दिले. परत बसते तोवर समोरच्या ताईंनी बेल वाजवली. त्यांचं पार्सल येणार होतं आणि त्या बाहेर चालल्या होत्या. "तू घरीच असतेस ना, घेऊन ठेव." मग मुलाच्या शाळेतून फोन. आणि मग आल्या आमच्या काकू, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. लग्नसराई, त्यांच्याही हातात साडी. "अगं, दोन टाके घालायचेत फॉलला, तेवढे घालून दे. मी बसते तोवर." दोन टाके म्हणजे अख्खी एक कडा उसवली होती. चहा झाला, फॉल झाला, त्यांच्या नणंदेची सगळी हकिगत झाली. पाऊण तासाने त्या उठल्या तेव्हा कुकर लावायची वेळ झाली होती. भात शिजेपर्यंत तेवढी दुसरी बाही कापून घेऊ म्हणून मी कात्री उचलली. नमुना जसा पडला होता तसाच उचलून दुसऱ्या काठावर ठेवला.

चूक माझीच होती, त्यात शंका नाही. कात्री माझ्या हातात होती. पण शिंप्याच्या दुकानात कापणाऱ्या मास्तरला दोन बाह्यांच्या मध्ये कुणी सिलिंडर आत घ्यायला लावत नाही.

अर्धा तास मी नुसती बसून होते. साडी येवल्याहून घेतलेली, चाळीस हजारांच्या वरची. तसा काठ मिळणार कुठे? आणि मिळाला तरी रंग जुळेल का? शेवटी ज्यांच्याकडे मी शिकले त्या बाईंना फोन लावला. आता त्या सत्तरीच्या पुढे आहेत, डोळ्यांमुळे शिवण बंद झालंय, पण बोट लावलं की कापड ओळखतात. रडत रडतच सांगितलं सगळं.

बाई म्हणाल्या, "आधी रडणं थांबव. पैठणी हातमागाची आहे का?"

"येवल्याची आहे म्हणाल्या त्या."

"कुठली ते नाही विचारलं मी. काठ उलटा करून बघ. मागून धागे लोंबतायत का?"

मी बाही खिडकीपाशी नेली. समोरून पाहिली, पालथी करून पाहिली. नारळांची तीच रांग, तीच जर, तितकीच चकचकीत. कुठली बाजू सुलट ते मलाच सांगता येईना, शेवटी कापताना मी मारलेल्या खडूच्या खुणेवरून ओळखली. हातमागावरच्या अस्सल पैठणीत नक्षीचे बाण्याचे, म्हणजे आडवे धागे, रेशमाचे आणि जरीचे, छोट्या छोट्या कांड्यांनी, जिथल्या तिथे गुंतवून विणतात. ते मागून लांब सोडलेले नसतात, म्हणून काठ दोन्हीकडून सारखा दिसतो. यंत्रमागाच्या सेमी पैठणीत मागच्या बाजूला धाग्यांचं जाळं सुटलेलं असतं, कधी त्यावर बारीक जाळीचं कापडही चिकटवलेलं असतं. हे सगळं मला माहीत होतं. गिऱ्हाईकांना मी ते दाखवूनही देत असे. पण त्या घटकेला डोक्यात आलंच नाही, कारण डोक्यात काही यायला जागाच उरली नव्हती.

"मग कर पालथी," बाई म्हणाल्या. "उजवीची डावी झाली."

झाली खरंच. काठ खालीच राहिला, खोल मुंढा उजवीकडून डावीकडे गेला. बुट्टीच्या मागे मात्र जरीची तीन-चार टोकं दिसत होती, तांदळाच्या कणीएवढी. ती कापली असती तर बुट्टी सुटली असती. मग सर्वांत बारीक सुई घेतली आणि एकेक टोक त्याच बुट्टीच्या विणीखाली ओढून घेतलं. एका टोकाला दहा-बारा मिनिटं. त्या वेळात दोनदा बेल वाजली. मी उठले नाही. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दार उघडलं आणि काय सांगितलं कुणास ठाऊक, पण कुणी आत आलं नाही.

सव्वासहाला नवरीच्या आई आल्या. घालून पाहिला, आरशात मागे-पुढे वळून पाहिलं. अगदी मापात बसला होता. पैसे द्यायला त्यांनी पर्स उघडली. तेव्हा अस्तराच्या ब्लाउजचे मी 450 घेत असे. न सांगता जाऊ द्यावं असं मनात आलं, नाही कसं म्हणू? पण त्यांच्या जन्मभराच्या आठवणीची साडी होती. मी म्हटलं, "ताई, थांबा. एक सांगायचंय. डावी बाही मी चुकून उजवी कापली होती. ती उलट बाजूने लावली आहे. आवडली नाही तर मी भरपाई देईन, मला थोडे थोडे करून द्यावे लागतील, पण देईन."

त्यांनी ब्लाउज काढून दोन्ही बाह्या दिव्याखाली धरल्या. बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ही खरी हातमागाची आहे?"

"शंभर टक्के. नाहीतर मला असं करताच आलं नसतं."

त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या भावजयीने चार बायकांत म्हटलं होतं म्हणे, की एवढे पैसे घालून सेमीच गळ्यात मारून घेतली. महिनाभर ते मनात सलत होतं. त्यांनी 450 च्या जागी 500 ठेवले आणि उरलेले परत घेईनात.

त्या गेल्यावर मी वही उघडली. आदल्या महिन्यातली नात्यातली आणि शेजारची फुकटची कामं आठवून लिहिली. 6 साड्यांचं फॉल-बिडिंग, 5 ब्लाउज सैल-घट्ट करणं, 3 चेन बदलणं. त्या वेळच्या माझ्या दराने फॉल-बिडिंगचे 120, सैल-घट्टचे 60, चेनचे 50. एकूण 1,170 रुपये. आकडा मोठा नव्हता. पण त्या प्रत्येक कामासाठी मी पैसे मिळणारं काम हातातून खाली ठेवलं होतं, आणि परत उचलताना धागा शोधण्यात वेळ घालवला होता. तो हिशेब वहीत मांडताच येत नव्हता.

रात्री जेवताना मी ह्यांना आणि आईंना सगळं सांगितलं. भांडले नाही. म्हटलं, मला आतली खोली हवी, अकरा ते चार, दार लावून. ह्यांना कंपनीत कामावर असताना कुणी भाजी आणायला सांगत नाही, तसंच. हे लगेच हो म्हणाले, पण मला भीती आईंची होती. त्या म्हणाल्या, "दुपारी मी आज दोघींना परत पाठवलं. एकीला काय सांगायचं सुचेना, तर म्हटलं सून कामावर आहे." आणि मग पुढे म्हणाल्या, "वीस वर्षं मी पण गोधड्या शिवल्या, पण कुणी मला कामावर आहे म्हटलं नाही." हे त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं.

मशीन आतल्या खोलीत गेलं. दारावर वेळ लिहिली. दरपत्रक लावलं, शिलाईचे निम्मे पैसे आधी घ्यायला लागले. पहिल्या महिन्यात तीन जुनी गिऱ्हाईकं गेली, तेव्हा पोटात गोळा आला होता. बँकेत जुकी मशीनच्या, म्हणजे शिलाईच्या मोठ्या मशीनच्या, कर्जासाठी गेले तर व्यवसायाचा कागद मागितला. एका एजंटाने उद्यम नोंदणीचे, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे, 1,500 रुपये सांगितले. ती नोंदणी 2020 च्या जुलैपासून सरकारी पोर्टलवर आधार क्रमांकावर होते आणि पूर्ण फुकट असते. शेजारच्या मुलीने मोबाइलवर अर्ध्या तासात करून दिली. हे मुद्दाम लिहितेय, कारण घरून काम करणाऱ्या कितीतरी बायका आजही त्याचे पैसे मोजतात. तसंच 2023 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या, कारागिरांसाठीच्या विश्वकर्मा योजनेतल्या 18 कामांत शिंपीकामही आहे. प्रशिक्षणाला दिवसाचा 500 रुपये भत्ता आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत त्यात आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दोघींना मी त्यात नाव घालायला लावलं.

कापायची पद्धतही बदलली. आता बाहीच्या नमुन्यावर पुढच्या बाजूला लाल पेनाने "समोर" लिहिलेलं असतं आणि पालथ्या बाजूला "डावी". कापलेल्या कापडाला पुढच्या मुंढ्यावर बारीक खाच मारते. दुसरी बाही कापल्याशिवाय उठत नाही.

काकू चार महिने आल्या नाहीत. नात्यातल्या एका बारशात माझ्याशी बोलल्या पण नाहीत, आणि ते मला खूप लागलं, कारण माझ्या लग्नात ओटी त्यांनीच भरली होती. मग नवरात्राच्या आधी एके दिवशी साडेचारला आल्या. दाराशी उभ्या राहून वेळेची पाटी वाचली. आत येऊन तीन ब्लाउजपीस टेबलावर ठेवले आणि त्यांवर 700 रुपये.

"निम्मे आधी लागतात ना? शनिवारी देशील?"

"शनिवारी नाही होणार काकू. सोमवारी देते."

"बरं, सोमवारी," म्हणाल्या आणि माप द्यायला हात पसरून उभ्या राहिल्या.