छापील तक्ता पुन्हा काढताना

पदव्युत्तर वर्गाला अर्थमिती, म्हणजे आर्थिक प्रश्नांसाठीचे संख्याशास्त्र, शिकवताना गेली काही वर्षे मी सत्राच्या उत्तरार्धात एक ठरलेला स्वाध्याय देतो: प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध निवडायचा, त्याचा मूळ डेटा मिळवायचा आणि त्यातला एकच मुख्य तक्ता स्वतः पुन्हा काढून दाखवायचा. विभागाच्या कामकाजात अध्यापन आणि संशोधन यांचे रकाने वेगळे असतात, बढतीच्या अर्जात तर त्यांची पानेही वेगळी असतात. मला मात्र हे दोन्ही मिळून एकच काम आहे हे सर्वांत स्पष्टपणे जाणवते ते या स्वाध्यायात.

सुरुवात मी नेहमी एकाच उदाहरणाने करतो. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये एका छोट्या निबंधात असे मांडले की, प्रगत देशांत सरकारी कर्ज देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेले की आर्थिक वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्क्यावर येतो. आर्थिक संकटानंतरच्या त्या वर्षांत काटकसरीच्या धोरणाचे समर्थन करताना अमेरिकेतील आणि युरोपातील राजकीय नेत्यांनी या निबंधाचा आधार घेतला. ॲमहर्स्ट येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने वर्गातल्या स्वाध्यायासाठी हाच निबंध निवडला, आणि काही केल्या त्याला ते आकडे मिळेनात. त्याने विचारणा केल्यावर मूळ लेखकांनी आपली स्प्रेडशीट त्याला पाठवली, हे मी वर्गात आवर्जून सांगतो, कारण ती मिळाली नसती तर पुढचा शोध तिथेच अडला असता. मायकेल ॲश आणि रॉबर्ट पोलिन या आपल्या प्राध्यापकांसह त्याने २०१३ मध्ये जी फेरमांडणी प्रसिद्ध केली, तीत तोच दर २.२ टक्के निघाला.

ही हकिकत बहुतेकांच्या लक्षात राहते ती एक्सेलमधल्या चुकीमुळे. सरासरी काढताना ३० ते ४९ या ओळींऐवजी ३० ते ४४ एवढ्याच ओळी घेतल्या गेल्या आणि ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हे पाच देश हिशेबातून सुटले. पण एकट्या या चुकीचा परिणाम सुमारे ०.३ टक्के बिंदूंचाच होता, आणि शिकवण्याच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे ते त्याच्या पलीकडे आहे. मूळ मांडणीत प्रत्येक देशाला सारखेच वजन दिले होते. त्यामुळे ९० टक्क्यांवरील कर्जाची १९ वर्षे अनुभवलेल्या ब्रिटनचा २.४ टक्क्यांचा दर आणि न्यूझीलंडचे १९५१ हे एकच वर्ष, ज्यात वाढ उणे ७.६ टक्के होती, हे दोन्ही एकाच तोलाचे ठरले. न्यूझीलंडची १९४६ ते १९४९ ही चार वर्षे तर हिशेबात आलीच नव्हती. ती धरली की त्याच देशाची सरासरी २.६ टक्क्यांवर जाते. मूळ लेखकांनी स्प्रेडशीटमधली चूक मान्य केली, पण वजनांविषयीची आपली भूमिका सोडली नाही, आणि वर्गातली चर्चा खरी रंगते ती इथेच. ओळी सुटणे ही चूक आहे, यावर कोणाचे दुमत नसते. देशाला वजन द्यायचे की वर्षाला, हा मात्र निर्णय आहे, आणि तो घेणाऱ्याने त्याची कारणे द्यायला हवीत.

विद्यार्थ्यांना मात्र छापील निबंधातली चूक सापडेल अशी आशा लागून राहते. गेल्या सत्रात एका विद्यार्थिनीची निरीक्षणसंख्या तक्त्यातल्या संख्येपेक्षा ३७ ने जास्त येत होती आणि कामाच्या साप्ताहिक तासांची सरासरीही चढी निघत होती. निबंधच चुकला आहे, अशी तिची जवळजवळ खात्री झाली होती. आम्ही दोघांनी बसून त्या तासांच्या आकड्यांचा स्तंभालेख काढला, तेव्हा सगळे स्तंभ संपल्यावर अगदी उजव्या टोकाला, ९९ वर, एक बारीक स्तंभ एकटाच उभा दिसला. प्रश्नावलीच्या संकेतसूचीत ९९ चा अर्थ ‘उत्तर दिले नाही’ असा होता. ती ३७ निरीक्षणे वगळताच तक्ता तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत जुळला. त्यानंतर कोणताही डेटा हाती आला की ती आधी संकेतसूची वाचते.

या स्वाध्यायाने माझ्या संशोधनाची पद्धतही बदलली. एका वर्षी मी वर्गाला माझाच जुना निबंध दिला आणि त्याच्या तक्त्यातला एक रकाना कोणालाच जुळवता आला नाही, कारण काही नोंदी मी हाताने गाळल्या होत्या आणि त्या का गाळल्या हे कुठेही लिहिले नव्हते. तो निर्णय पुन्हा शोधून काढायला मला दोन आठवडे लागले. आता कच्च्या फाइलला हात न लावता प्रत्येक पायरी कोडमध्येच ठेवतो. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची नियतकालिके २०१९ पासून स्वीकृत निबंधांचा डेटा आणि कोड छापण्यापूर्वी तपासून घेतात, त्यामुळे विद्यार्थ्यांना हीच सवय पुढे लेखक म्हणूनही लागणार आहे.

गुणांकनाचा नियम मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितो: आकडा जुळला नाही तरी तो नेमका कोणत्या पायरीवर फुटतो हे दाखवता आले, तर पूर्ण गुण मिळतील, आकडा जुळला, पण तो कसा जुळला हे सांगता आले नाही, तर अर्धे.