अर्धी मात्रा

आज तालमीहून आले ती तशीच बसून आहे. आईनं दोनदा जेवायचं विचारलं, मग भाकरी झाकून ठेवली आणि झोपली.

झालं एवढंच. कथकच्या शेवटच्या तिहाईत एकच पल्ला तीनदा घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं असतं. तिथं तिसऱ्या पल्ल्याआधी मुली थबकल्या. भार उजव्या पायावर, मान जराशी खाली, मग डाव्या टाचेवर चक्कर. सातही जणी, अगदी एकसारख्या. मी हे शिकवलंच नव्हतं. "कुठून आणलंत गं हे?" तर धाकटी म्हणाली, "ताई, तुम्हीच करता की असं."

करते. त्या टाचेवर भार टाकण्याआधी डाव्या गुडघ्यासाठी अर्धी मात्रा मन घट्ट करावं लागतं. दोन वर्षं मी समजत होते, कुणाच्या लक्षात येत नाही.

रिक्षात रडू आवरेना. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि गाणं बंद केलं.

माझ्याकडचं चांगलं तेवढं मुलींना द्यायचं ठरवलं होतं. त्यांनी उचललं काय, तर माझं दुखणं. सोळा-सतरा वर्षांचे गुडघे त्यांचे! सगळे म्हणतात, नाच छान बसवता तुम्ही. बसवते. पण मला नाचायचं होतं.

औरंगाबाद लेण्यांत सात नंबरच्या गाभाऱ्यात ती नाचणारी आहे ना, भोवती सहा जणी वाजवणाऱ्या, तिच्यावरून हा नाच सुचला. सुचला तेव्हा मधली मीच होते. ती जागा कुणाला द्यायची यावर महिनाभर अडले. शेवटी दिली. त्याबद्दल आज नको.

बॅलेतल्या बॅलन्शिनचं कितीदा वाचलंय. गुडघा दुखावला, नाचणं आटलं, पुढं १९४८ मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅलेट उभं राहिलं. सगळं दोन ओळींत. मला त्या दोन ओळींमधल्या रात्री हव्या असतात. कथकमधल्या कुमुदिनीबेन लाखियाही आधी नर्तक रामगोपालांच्या संचात नाचायच्या. १९६७ मध्ये अहमदाबादला 'कदंब' ही नृत्यसंस्था काढली, एकटीनं करायचा कथक समूहात आणला. त्यांच्या एका रचनेचं नावच 'अतः किम्'. आता पुढे काय. आज हे नाव मनातून जात नाही.

मघाशी मोबाइलवर तालमीचा व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला. गुडघा विसरून पाहायचा प्रयत्न केला आणि एकदा जमलंही. ते थबकणं सुंदर दिसतंय. आधी चक्कर नुसतं फिरायचं, आता त्यात निर्धार आलाय. फक्त पुढचं चक्कर घाईत उरकून सम गाठावी लागते, ते खटकतं.

तबल्यावरचे काका तेव्हाच म्हणाले होते, "ठेवायचं तर हिशेबात ठेवा. दमदार करा तिहाई, पल्ल्यांमध्ये दम घेऊन." मला राग आला होता. आता वही घेऊन बसले. ताल सोळा मात्रांचा, पल्ला तीन मात्रांचा, तिसऱ्या पल्ल्याची शेवटची मात्रा समेवर. म्हणून आपण खालीवरून, नवव्या मात्रेला उठतो. दोन्ही पल्ल्यांनंतर अर्धी-अर्धी मात्रा दम घेतला तर एक मात्रा आधी उठायचं. आठवीवरून. तीनदा हातावर मोजलं, बरोबर समेवर येतं, घाई न करता.

गुडघ्याचं मुलींना सांगायचं का, ते ठरत नाही. धाकटीला बहुतेक कळलंय.

आठवी मात्रा लाल पेनानं गोल केली. काकांना सकाळी अर्धा तास लवकर बोलवायला हवं. भाकरी गार झालीय, पण भूक लागलीय.