खिडकी बदलायची? मंत्रालयाला विचारा

फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या जुन्या भागात कुणाला लाकडी खिडकी काढून प्लास्टिकची बसवायची असली, तर नुसत्या महापालिकेत खेटे घालून भागत नाही. परवाना महापौर देतो, पण आधी ‘आ-बे-एफ’चा होकार लागतो. हा सांस्कृतिक मंत्रालयाचा वास्तुविशारद. देशभरात असे सुमारे 200 आहेत. त्याने नकार दिला की महापौराचेही हात बांधलेले. अपील करता येतं, पण त्यासाठी चिकाटी हवी. संरक्षित वास्तूच्या आसपास 500 मीटरपर्यंत साधारण हीच कथा. आपल्याकडे सांस्कृतिक खातं म्हणजे पुरस्कार आणि महोत्सव. इथे ते थेट घराच्या भिंतीला हात लावतं. लोक त्याच्या नावाने बोटंही मोडतात.

हे मंत्रालय 1959 साली राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी काढलं आणि कादंबरीकार आंद्रे माल्रो यांच्या हाती दिलं. तेव्हा जुन्या वस्त्या म्हणजे अंधाऱ्या, ओल आलेल्या, पाडून टाकण्याच्या लायकीच्या, असाच समज होता. ल्योंचे महापौर लुई प्राडेल तर मोटारींचे भक्त. या वस्तीतून मोठा रस्ता काढायचा त्यांचा बेत होता. स्थानिक लोक अडून बसले. 1962 साली माल्रो यांचा कायदा आला, आणि 1964 मध्ये अख्खी वस्ती संरक्षित होण्याचा देशातला पहिला मान याच ‘व्ह्यू ल्यों’ला, म्हणजे जुन्या ल्योंला मिळाला. एकेक देऊळ-राजवाडा नाही, तर गल्लीबोळ, अंगणं, जिने, सगळं.

या कायद्यात पैशाचंही गणित आहे, आणि मला तेच जास्त शहाणपणाचं वाटतं. अशा वस्तीतली इमारत नियमांनुसार दुरुस्त करून 9 वर्षं भाड्याने दिली, तर मंजूर आराखडा असलेल्या भागात खर्चाच्या 30 टक्क्यांपर्यंत आयकरात सूट मिळते. त्याची दुसरी बाजूही आहे: घरं सुंदर झाली, भाडी चढली, जुने गरीब भाडेकरू गेले. पॅरिसच्या मारे भागात तर हे फारच ठळक दिसतं.

जुलै 2025 मध्ये पॅरिसलाच युनेस्कोच्या बैठकीत आपले 12 मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, तेव्हा इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर नुसता जल्लोष. त्यातले 8 केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, तर राजगड, साल्हेर, खांदेरी, प्रतापगड राज्याकडे. केंद्र-संरक्षित वास्तूभोवती 100 मीटर बांधकामबंदी, पुढच्या 200 मीटरांत परवानगी, हा आपला नियम कागदावर फ्रान्सपेक्षा कडकच म्हणायचा. पण गडाखालच्या गावातल्या माणसाला छप्पर बदलायचं असेल, तर नकाराबरोबर करातली सूट आणि ‘अमुक कौलं घाला’ हा सल्लाही मिळायला हवा ना?

इकडे येणार असाल तर सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार धरा. 1984 पासून मंत्रालय ‘वारसा दिन’ भरवतं. एरवी बंद असलेल्या सरकारी वाड्यांची दारं त्या दिवशी उघडतात, बहुतेक ठिकाणी फुकट. सकाळी लवकर जा, रांग भयंकर असते.