लहान बाथरूमसाठी टाइल निवडताना : माझा अनुभव

आमचं बाथरूम १.२ मीटर रुंद आणि २.१ मीटर लांब. आतल्या टोकाला शॉवर, मग कमोड, दाराजवळ बेसिन. जुन्या टाइल काढून सगळं नव्याने करायचं ठरलं, तेव्हा घरात चर्चा अर्थातच भिंतींच्या रंगापासून सुरू झाली. मी मात्र आधी जमिनीची टाइल ठरवायची असं धरून बसले. जमीन जेमतेम अडीच चौरस मीटर, भिंती त्याच्या पाच-सहापट, त्यामुळे नजर भिंतींवर जाते हे खरं. पण साबणाच्या पाण्यात अनवाणी पाय पडतो तो या अडीच मीटरवरच, आणि आमच्याकडे आई आता सत्तरीच्या पुढे आहे.

घसरण किती, हे टाइलवर नुसता हात फिरवून कळत नाही. माहितीपत्रकात आर ९ ते आर १३ असे आकडे दिसतात; आकडा जितका मोठा, तितकी पकड जास्त. ती चाचणी तेल ओतलेल्या उतारावर बूट घालून चालत करतात. ओल्या जागी अनवाणी चालण्याची चाचणी वेगळी असते. तिचे ए, बी, सी असे चढत्या पकडीचे वर्ग आहेत आणि शॉवरखाली निदान बी हवा. म्हणून मी दोन्ही विचारत गेले आणि आर १० आणि बी असलेली मॅट पोर्सिलेन टाइल पक्की केली. पोर्सिलेन ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषत नाही. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल १० टक्क्यांहून अधिक शोषते. भिंतीवर ती चालते, जमिनीवर मला नको होती. फार खरखरीत पृष्ठभागही नको होता, कारण त्यात साबणाचा थर अडकून बसतो.

आकार ठरवताना खरी मजा आली. लहान जागेत मोठी टाइल लावली की सांधे कमी होतात आणि खोली मोकळी वाटते, असं सगळेच सांगतात. ते चूक नाही. पण शॉवरखाली पाणी जाळीकडे वळवायला उतार लागतो, आणि जाळी मध्यभागी असेल तर चारही बाजूंनी. मोठी टाइल चार दिशांना वाकत नाही, ती तिरपी कापावी लागते. त्यावर दोन वाटा होत्या : ५ सेंटिमीटरचे छोटे चौकोन, किंवा शेवटच्या भिंतीलगत लांबट जाळी, म्हणजे उतार एकाच दिशेला. छोट्या चौकोनांना पकड चांगली, पण सांध्यांचं जाळं घासत बसावं लागतं. आम्ही लांबट जाळी घेतली. ९० सेंटिमीटरच्या शॉवरला दीड टक्का उतार म्हणजे १३-१४ मिलिमीटर, आणि तीच जमिनीची टाइल दारापासून भिंतीपर्यंत सलग गेली.

मग चौकटीच्या कागदावर खोली आखली. ३०×३० सेंटिमीटरची टाइल जमिनीवर रुंदीत चार आणि लांबीत सात बसते. भिंतीसाठी ३०×६० घेतली. ती आडवी लावली तर लांब भिंतीवर साडेतीन येते, उभी लावली तर सात. उभी लावल्यावर जमिनीचे सांधे सरळ भिंतीवर चढतात! कागदावर हे दिसलं तेव्हा मला फार आनंद झाला. रंगाइतकाच, कदाचित जास्तच, या रेषांनी खोलीला नीटनेटकेपणा येतो असं माझं मत आहे. सांधे आणि भिंतीच्या टाइलची जाडी धरून शेवटच्या टाइला थोड्या कापाव्या लागल्या. त्या दारामागच्या कोपऱ्यात घ्यायच्या, हे मिस्त्रींशी आधीच बोलून ठेवलं होतं.

रंगासाठी नमुने घरी आणले. बाथरूममधल्याच दिव्याखाली जमिनीचा आडवा, भिंतीचा उभा ठेवला, ओले केले, साबण लावला आणि तसेच वाळू दिले. सकाळी गडद चकचकीत नमुन्यावर क्षारांचे पांढरे डाग उठून दिसत होते. मधल्या छटेच्या राखाडीवर काहीच नव्हतं. जमिनीला तीच आणि भिंतीला किंचित पिवळसर पांढरी टाइल ठरली.

पुढचं काम भराभर झालं. वॉटरप्रूफिंग झाल्यावर २४ तास पाणी साठवून ठेवलं आणि खालच्या छताला ओल नाही हे पाहूनच टाइल लावायला घेतल्या. पोर्सिलेन पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटवर न बसवता टाइल अ‍ॅडहेसिव्ह वापरलं. सांधे २ मिलिमीटरचे, त्यात एपॉक्सी ग्राउट, टाइलपेक्षा एक छटा गडद. हे ग्राउट पाणी आणि डाग धरत नाही, पण लावल्यावर लगेच पुसावं लागतं, नाहीतर टाइलवर त्याचा थर घट्ट बसतो. मिस्त्रींनी एका वेळी हातभर जागाच घेतली.

खोकी घेताना सगळ्यांवरचा शेड आणि बॅच क्रमांक एकच आहे ना हे तपासलं होतं, आणि मोजमापापेक्षा दहा टक्के जास्त घेतली होती. उरलेल्या टाइल खोक्यासकट माळ्यावर आहेत. पुढे कधी नळाच्या पाइपसाठी भिंत फोडावी लागली, तर नेमकी तीच छटा दुकानात मिळेलच असं नाही.