चोरलचा गळ रेवदंड्याच्या पाण्यात

कणीक, बेसन, मोहरीची पेंड, भाजलेली बडीशेप आणि चिमूटभर हिंग, आमच्या माशाच्या आमिषाच्या गोळीत इथपर्यंत काय असतं ते इंदूरजवळच्या चोरल धरणाच्या काठावर गळ टाकून बसणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचा एक जिन्नस वडिलांनी फक्त मला सांगितला. रोहू आणि कतला त्या गोळीवर तुटून पडतात. तीच गोळी डब्यात भरून मी गेल्या कार्तिकात रेवदंड्याला नेली आणि समुद्राच्या पहिल्या लाटेतच तिची पेज झाली.

बायकोचा मावसभाऊ रेवदंड्याला असतो. दर दिवाळीला त्याचा फोन ठरलेला: "दाजी, तळ्यात काय बसता? या एकदा इकडे गरवायला." गरवणं हा शब्द मी पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकला. इंदूरच्या रामबागेत आमच्या घरी गळ टाकणं म्हणतात आणि तलावावर पोचलं की त्याचीच 'बंसी' होते. आमच्या इंदुरी मराठीला पुण्याचे पाहुणे हसतात. त्यांनी एकदा रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईला जाऊन यावं. तिथली काही घरं आजही पोर्तुगिजातून आलेली बोली बोलतात आणि तिला नुसतं 'आपली भाषा' म्हणतात. कुणी हसत नाही.

तर अवंतिका एक्सप्रेसनं रात्रीत मुंबई, टॅक्सीनं भाऊचा धक्का, तिथून रो-रोनं तासाभरात मांडवा आणि पुढे अलिबागवरून रेवदंडा. रो-रोवर लोक सीगलना काहीबाही भरवत होते. मी शेवेचं पाकीट काही उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला मी किनाऱ्यावर हजर. तलावाची सवय! पाणी निवांत, अंगावर शाल, मोरपिसाचा तरंगा आणि थर्मासमधला चहा. सात फुटी काठी, बारीक तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, आणि सुपारीएवढं शिसं. गोळीचं काय झालं ते वर सांगितलंच. मग मेव्हण्यानं आदल्या रात्री दिलेली कोळंबी लावली आणि अंगातलं सगळं बळ एकवटून लांब फेकली. शिसं एवढं हलकं की लाटेनं दोन मिनिटांत उचलून माझ्या पायाशी आणून टाकलं. पुन्हा फेकली. पुन्हा परत. आठ वाजता वर पाहिलं तर समुद्र दोनशे पावलं मागे गेलेला आणि मी ओल्या काळ्या वाळूत काठी धरून उभा. एक कुत्रं माझ्याकडे बघत बसलं होतं, त्यालाही बहुधा कीव आली असावी.

मेव्हणा साडेआठला आला, चहा पिऊन, हात हलवत. म्हणाला, "दाजी, आज तिथी काय?" मी म्हटलं, तृतीया. "मग तीनाचे पाऊणपट करा." सव्वादोन. "सव्वादोनला भरती. आत्ता तर पुरती ओहोटी आहे. तुम्ही वाळूला गळ घातलाय."

तिथीला पाऊणनं गुणलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. वद्य असो की शुद्ध, हिशेब तोच. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. त्याच्या आधी-नंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. मुंबईकडे त्या दिवसांत साडेचार मीटरच्या वरचीही भरती येते. अष्टमीच्या सुमारास भांग. त्या दिवसांत पाणी आळसावलेलं असतं आणि गरवणारेही घरी बसतात. आमच्या घरात दिनदर्शिका आहे, तिच्यावर तिथी आहे. तीस वर्षं मी ती फक्त उपास आणि सिलिंडरच्या तारखांसाठी पाहत आलो!

पण ती सकाळ फुकट गेली नाही. मेव्हण्यानं मला उघड्या पडलेल्या वाळूवरून फिरवलं. वरून सपाट दिसणाऱ्या त्या किनाऱ्यात वाळूचे उंचवटे होते आणि त्यांच्यामधून पाण्याचे चर गेलेले. गुडघाभर खोल, कुठे त्याहून जास्त. लाटेनं उकरलेले किडे, खेकड्याची पिल्लं, शिंपल्या सगळं त्या चरांत वाहून येतं आणि मासा भरतीबरोबर त्यांच्याच वाटेनं वर चढतो. एका चराच्या तोंडाशी त्यानं मला उभं केलं आणि मागे वळून बघायला लावलं. किल्ल्याच्या आतला सातखणी मनोरा आणि तटाजवळचा एक वाकडा माड एका रेषेत होते. "ही खूण. पाणी आलं की चर दिसणार नाही, माड दिसेल." चरावर लाट फुटत नाही, दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे काळसर पट्टा, हेही त्यानंच दाखवलं.

मी विचारलं, मग लांब फेकायचंच कशाला? तो म्हणाला, "तुम्ही तळ्यातली माणसं मासा मधोमध आहे असं धरून चालता. इथे तो चरायला पायाशी येतो." तलावावर आम्ही वर्षानुवर्षं जागा शोधतो, धरणाच्या भिंतीचा कोपरा, बुडालेल्या बाभळीची मुळं, आणि एकदा जागा सापडली की दिवसभर तिथून हलत नाही. इथे जागा दिवसातून दोनदा येते आणि दोनदा जाते.

दुपारी त्याची बारा फुटी काठी घेतली. शिसं शंभर ग्रॅमच्या वर, चार तारांच्या नखांचं, वाळूत रुतून बसणारं. एवढं वजन झुगारायचं तर मुख्य तंगुसाच्या पुढे काही वाव लांबीचा जाड तंगूस बांधावा लागतो, नाहीतर फेकताना तो तुटतो आणि शिसं बंदुकीच्या गोळीसारखं जातं. कोळंबी गळात ओवून वर शिवणाच्या दोऱ्याचे पाच-सात वेढे, म्हणजे लाट ती सोडवत नाही. आणि तरंगा? तो पिशवीतच राहिला. लाटेवर तरंगा सारखाच बुडतो.

खरी परीक्षा इथे होती. काठीचं टोक लाटेबरोबर एकसारखं झुकत असतं. झुकलं, उठलं, झुकलं, उठलं. त्या झुलण्यातून माशाचं झुलणं वेगळं काढायचं. डोळे लावून अर्धा तास पाहिलं आणि काही कळेना. मग मेव्हण्यानं माझं बोट तंगुसावर ठेवलं. लाट ओढते तेव्हा तंगूस हळूहळू ताणतो आणि हळूहळू सुटतो. मासा दोन बारीक ठोके देतो, कुणी दाराबाहेरून नखानं कडी वाजवावी तसे. आणि कधी कधी उलटंच होतं, ताणलेला तंगूस एकदम ढिला पडतो. मासा आमिष घेऊन किनाऱ्याकडेच आलेला असतो. तलावावर ढिला तंगूस म्हणजे काहीच नाही, म्हणून मी असे दोन घास घालवले.

तिसऱ्याला ओढलं. हाताएवढा शिंगाळा. नर्मदेवर बडवाहला मी याच्या गोड्या पाण्यातल्या चुलतभावाला कितीदा हाताळलंय, त्या घमेंडीत मुठीत धरला. पाठीवरचा एक आणि बाजूचे दोन काटे करवतीसारखे दातेरी असतात आणि त्यांना विषही असतं. अंगठ्याच्या बुडाशी शिरला. कळ कोपरापर्यंत गेली. घरी नेऊन वहिनींनी सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून बसवलं, निवलं की पुन्हा गरम, असं तासभर. कळ खरोखर उतरली. मेव्हणा शेजारी बसून मला सांगत होता की या माशाचा नर अंडी तोंडात धरून सांभाळतो आणि तेवढे दिवस खातही नाही. मला त्या क्षणी त्याच्याबद्दल फारसं प्रेम वाटलं नाही.

चतुर्थीला भरती तीनची. चार त्रिक बारा, भागिले चार, हे आता मी न विचारता सांगितलं. साडेबाराला माडाच्या रेषेत उभा. एक गोष्ट मात्र बजावून ठेवली होती, समुद्राकडे पाठ करायची नाही आणि शेवाळलेल्या खडकावर पाय टाकायचा नाही. चढतं पाणी मागच्या चरातून आधी वळसा घालतं, तुम्हाला कळतं तेव्हा परतीची वाट कमरेएवढी झालेली असते.

दोनच्या सुमाराला ठोके आले. एक, दोन, मग तंगूस ढिला. या वेळी मी गुंडाळत पळतच मागे गेलो, वजन लागलं आणि काठी वाकली. पंधरा मिनिटं नाही, फार तर चार. पण रोहूसारखं जड-जड बसणं नाही, लाटेच्या पाठीवर बसून बाजूला धावणं. मेव्हणा ओरडला, "लाटेबरोबर काढा, लाट मागे जाताना ओढू नका!" पुढची लाट आली तिच्याबरोबर पाच पावलं मागे गेलो आणि तांबोशी वाळूवर आली. तांब्याच्या भांड्याला चिंच लावावी तसा रंग. घरच्या काट्यावर सव्वा किलो.

तेवढ्यात इंदूरहून फोन. "आज संकष्टी आहे, लक्षात आहे ना?"

लक्षात कशी नसणार, भरतीची वेळ तिच्यावरूनच तर काढली होती. मेव्हण्याचं म्हणणं, उपास खाण्याचा असतो, पकडण्याचा नसतो. पण वहिनींनी त्या दिवशी चूल बाटवायला साफ नकार दिला. चंद्रोदयाला मोदक झाले, वरणभात झाला आणि तांबोशी फ्रिजमध्ये पडून राहिली. पंचमीला सकाळी तिच्या तुकड्यांना हळद-तिखट-कोकम लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तळलं आणि डब्यात भरून माझ्या हाती दिलं.

डबा बोरिवलीनंतर अवंतिकेत उघडला. बॅगेत जिरावणाची, म्हणजे आमच्या इंदुरी मसाल्याची, पुडी होतीच, वरून भुरभुरली. समोरच्या बर्थवरचे गृहस्थ आमच्याच इंदूरचे निघाले. वासानं उठून बसले. एक तुकडा दिला. चावून, डोळे मिटून विचारतात, "बढ़िया है भिया. चोरल की है?"

"नहीं भिया," मी म्हटलं, "चतुर्थी की है."