एक हद्द, दोन रेषा

झालाच म्हणून मिरवत होतो तो भूवापराचा लेयर (कुठे शेत, कुठे जंगल हे दाखवणारा नकाशाचा थर) रविवारी अख्खा उडवला. २१२ पॉलिगॉन, म्हणजे बंद आकृत्या. बॅकअप आहे, पण तो उघडायची इच्छा नाही.

चूक पायातच होती. शेताचा पॉलिगॉन काढला, मग शेजारच्या जंगलाचा काढताना तीच हद्द पुन्हा गिरवली. डोळ्यांना दोन्ही रेषा एकच दिसतात. टोपॉलॉजी चेकर (फटी आणि ओव्हरलॅप शोधणारं साधन) चालवला तेव्हा सगळा नकाशा लाल झाला. १:५०० वर झूम केलं तर दोन हद्दींमध्ये नखाएवढ्या फटी, आणि पुढे जाऊन त्याच हद्दी एकमेकींवर चढलेल्या. क्यूजीआयएसमध्ये, म्हणजे मी वापरतो त्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये, ओव्हरलॅप टाळायची सेटिंग आहे. ती चालू असती तर नवा पॉलिगॉन शेजाऱ्याच्या कडेला आपोआप कापला गेला असता. माहीत होतं. चालू आहे असं गृहीत धरलं होतं.

स्नॅपिंग (कर्सर जवळच्या बिंदूला आपोआप चिकटणं) मात्र चालू होतं, आणि त्यानेच आणखी घोळ घातला. टॉलरन्स, म्हणजे किती अंतरावरून चिकटायचं ते, १० पिक्सेल ठेवला होता. स्क्रीनवरचा पिक्सेल साधारण पाव मिलिमीटरचा धरा. १:५,००० वर ते १० पिक्सेल जमिनीवर १२-१३ मीटर होतात. कंटाळून १:५०,००० वर झूम आउट करून काम केलं की तेच सव्वाशे मीटरच्या आसपास. म्हणजे कर्सर भलत्याच व्हर्टेक्सला (आकृतीच्या कोपऱ्याच्या बिंदूला) जाऊन चिकटणार. आता टॉलरन्स मीटरमध्ये दिलाय आणि झूम १:५,००० च्या बाहेर नेत नाही.

नवी पद्धत अशी: आधी फक्त रेषा. प्रत्येक हद्द एकदाच, दोन्ही बाजूंच्या वापरासाठी तीच. मग रेषा जिथे छेदतात तिथे तोडायच्या, पॉलिगोनाइझ (रेषांनी वेढलेल्या भागांचे पॉलिगॉन करणारं साधन) चालवायचं आणि शेवटी प्रत्येक तुकड्याला वर्ग द्यायचा. यात चूक लपत नाही हे मला फार आवडलं. एक रेषा टोकाला अर्धा मीटर जरी तोकडी पडली तरी पॉलिगॉन बंदच होत नाही. शेत आणि पडीक मिळून एक भलामोठा तुकडा तयार होतो, तो लगेच नजरेत भरतो.

जिओरेफरन्सिंगही (नकाशाचं चित्र जमिनीवरच्या खऱ्या जागेशी जुळवणं) नव्याने केलं. आधी थिन प्लेट स्प्लाइन (चित्र हवं तसं ताणून बसवणारी पद्धत) वापरून एरर शून्य आल्यावर खूश झालो होतो. पण ती पद्धत प्रत्येक कंट्रोल पॉइंटमधून (खरी जागा माहीत असलेल्या बिंदूमधून) जातेच, त्यामुळे चुकीचा टाकलेला पॉइंटही शून्यच दाखवते. पहिल्या घाताच्या पॉलिनॉमियलला (सगळ्या चित्राला एकच साधं सूत्र लावणाऱ्या पद्धतीला) ३ पॉइंट पुरतात, बाकीच्यांवर ताळा घेता येतो. मी १४ दिले, तेव्हा कुठे एक बिंदू चक्क शेजारच्या ग्रिड छेदावर टाकलेला सापडला.

शेपफाइलही (नकाशाची माहिती साठवायचा जुना फाइल-प्रकार) सोडली. नावाच्या कॉलमची लांबी २० ठेवली होती, आणि ‘झुडपी जंगल’चं ‘झुडपी ज’ झालं. ही लांबी बाइटमध्ये मोजली जाते. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या प्रचलित पद्धतीत) देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, वेलांटी-अनुस्वारसुद्धा वेगळे मोजले जातात. कमाल २५४ बाइट, म्हणजे जेमतेम ८४ चिन्हं. कॉलमच्या नावाला तर १०च, त्यात देवनागरी तीन चिन्हांवर संपते. आता सगळं जिओपॅकेज या नव्या फाइल-प्रकारात, एकाच फाइलीत.

आजपर्यंत दक्षिणेकडचा अर्धा भाग झाला, चेकर स्वच्छ. उत्तरेला नदीचे दोन्ही काठ काढून झालेत, मधली बेटं राहिलीत.